डासांचं माहेर

स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. ‘घेतली’ आपलं म्हणायचं. कारखान्याच्या ऑफिसात आम्ही सहा टायपिस्ट होतो आणि एका सोमवारी आमच्या टेबलांच्या जागी तीन कॉम्प्युटर येऊन बसले. साहेब म्हणाले, शिकायचं असेल तर शिका, नाहीतर योजना चांगली आहे. मी शिकायला बसले. पंधरा दिवसांत लक्षात आलं की मी शिकले तरी काम उरलेलं नाही, कारण साहेबच आता आपली पत्रं आपण टाइप करत होते. मग एक शाल, एक नारळ आणि रिकामे हात घेऊन मी घरी आले.

घर म्हणजे कोथरूडच्या सोसायटीतला तळमजल्यावरचा फ्लॅट. तळमजला कुणालाच नको होता म्हणून आम्हाला परवडला. मागे भिंतीपर्यंत एक लांबट पट्टा होता, बिल्डरने विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं टाकून ठेवलेला. नोकरी असताना मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. आता रोज सकाळी घमेलं घेऊन बसायला लागले. वर्षभरात तिथे मोगरा आला, अनंत आला, कढीपत्ता खांद्याएवढा झाला, कोपऱ्यात अळू माजलं आणि भिंतीवर मधुमालती चढली. घरातल्या घरात दिवस काढणं मला जमत नव्हतं. ही बाग नसती तर मी कुणाकुणाशी भांडत बसले असते कोण जाणे.

माझ्याइतकीच ती बाग सासूबाईंची होती. त्या ऐंशीच्या घरातल्या, दम्याने बेजार, जिना चढणं बंद झालेलं. संध्याकाळी मोगऱ्यापाशी खुर्ची टाकून बसणं एवढीच त्यांची चैन. पण पावसाळा मध्यावर आला की साडेपाचनंतर तिथे उभं राहवत नसे. डास असे तुटून पडत की पाय आपटत घरात पळावं लागे. मग दारं-खिडक्या गच्च लावून आम्ही आत बसायचो.

“तिन्हीसांजेला दार लावायचं म्हणजे लक्ष्मीला उंबऱ्यावरून परत पाठवायचं,” त्या म्हणत.

“लक्ष्मी एकटी येत नाही, आई. तिच्या मागून हे शेपन्नास येतात,” मी म्हणे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीतल्या दोघांना डेंग्यू झाला. दोघंही बरे झाले, पण सगळे हादरले. कमिटीने खासगी माणूस बोलावून धूर मारायचं ठरवलं. तो आला एका संध्याकाळी, कानठळ्या बसवणारं मशीन घेऊन. मी खिडक्या लावेपर्यंत मागच्या दारातून पांढरा लोट सरळ घरात शिरला. सासूबाई पलंगावर होत्या. धूर विरला तेव्हा त्या उठून बसल्या होत्या, दोन्ही हात गादीवर टेकलेले, ओठ निळसर, आणि श्वास आत जातोय की बाहेर येतोय ते कळत नव्हतं. यांनी रिक्षा आणली. दोन दिवस त्या दवाखान्यात होत्या, तोंडावर वाफेचा मास्क लावून. डॉक्टरांनी सोडताना एवढंच सांगितलं, “पुन्हा धूर नको. पुन्हा झालं तर मी काही सांगू शकत नाही.”

मी तडक सेक्रेटरींकडे गेले. ते निवृत्त सरकारी अधिकारी. सोसायटी म्हणजे आपलंच खातं आणि आपण सगळे कारकून, अशी त्यांची समजूत होती. पण माणूस वेळेचा पक्का आणि शब्दाचा सच्चा.

“वहिनी, आईंचं ऐकून वाईट वाटलं,” ते म्हणाले. “पण एका घरासाठी चोवीस घरं डासांना बहाल करायची का? धूर दर आठवड्याला मारायचं ठरलंय. आणि स्पष्टच बोलतो. तुमची ती बाग आहे ना, ते डासांचं माहेर आहे. ती काढून फरशी टाकली तर धुराची गरजही पडणार नाही आणि चार स्कूटर उभ्या राहतील.”

मला भयंकर राग आला. मी म्हणाले, “मला दसऱ्यापर्यंत वेळ द्या. तोवर धूर नको. दसऱ्याला संध्याकाळी सगळ्या सोसायटीने माझ्या बागेत यायचं, तिथेच सोनं वाटू. डास चावले तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः फरशीवाल्याला बोलावते.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “बरं. दसऱ्यापर्यंत. सीमोल्लंघन कुणाचं होतंय ते बघू.”

घरी येताना लक्षात आलं, मी काय बोलून बसले ते. तेवीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप केलेली बाई मी. डासांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते चावतात.

मी ऐकीव उपायांपासून सुरुवात केली. कुणी सांगितलं गवती चहा लावा, वासाने डास येत नाहीत. मी सात रोपं लावली. तुळशी लावल्या, झेंडूची रांग केली. लिंबोणी आणली. कापूर घातलेल्या पाण्याच्या वाट्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. निंबोळीचं तेल हातापायांना चोपडून संध्याकाळी बागेत उभी राहिले. डास कमी चावले, पण घरातल्या माणसांनीही माझ्याजवळ यायचं सोडलं. आणि आठवड्याभराने बघते तर गवती चहाच्या पात्यांवर डास ओळीने बसलेले, अगदी निवांत.

आमच्या यांनी दारातूनच पाहिलं. “वा,” ते म्हणाले. “आता चहाचीही सोय झाली त्यांची.”

त्या दिवशी मी खरंच रडले, कढीपत्त्याच्या आडोशाला उभी राहून. दसऱ्याला पाच आठवडे राहिले होते.

दुसऱ्याच दिवशी महापालिकेच्या हिवताप विभागाचा माणूस आला. डेंग्यूचे रुग्ण निघाले की घरोघर तपासणी होई, तशी ती होती. पन्नाशी उलटलेला, काळासावळा, खाकी कपडे, खांद्याला कापडी पिशवी. मांजरी गावचा होता, तिथून दोन बस बदलून येत असे, हे नंतर कळलं. त्याने बाग बघितली, गवती चहा बघितला, वाट्या बघितल्या आणि हसला नाही. त्यासाठी मी त्याची कायमची ऋणी आहे.

“ताई, पळी हाय का घरात? वरणाची.”

मी पळी दिली. तो मोगऱ्याच्या कुंडीपाशी खाली बसला, कुंडी जरा कलती करून खालच्या बशीतलं पाणी पळीत घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. पाण्यात धाग्यासारखं काहीतरी वळवळत होतं, डोकं खाली, शेपूट वर.

“ह्ये उद्याचे डास,” तो म्हणाला. “तुम्ही आज उडत्यात त्यांच्या मागं लागलाय. तो डास हितं नुसता बसाय येतो, सावलीला. जन्माला येतो पाण्यात. अंड्यापासनं उडंपर्यंत आठ-दहा दिवस लागत्यात त्याला. ते आठ दिवस पुरं होऊ द्यायचं न्हाईत. संपलं.”

“म्हणजे काय करायचं?”

“आठवड्यातनं एक दिवस समदं पाणी वतायचं. नुसतं वतून न्हाई भागत, भांडं आतनं घासायचं, अंडी कडेला चिकटल्याली असत्यात. मंग उन्हात कोरडं करायचं. आन् ज्ये पाणी वतता येत न्हाई, तिथं मासं सोडायचं. गप्पी मासं.”

मग आम्ही दोघांनी माझी बाग तपासली. अकरा ठिकाणं निघाली. कुंड्यांच्या बशा. माझ्या कापराच्या वाट्या, ज्यातला कापूर कधीच उडून गेला होता. खताच्या ढिगात पडलेली करवंटी. पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं पसरट भांडं, जे मी रोज भरत होते पण कधी घासलं नव्हतं. वेलाला आधार म्हणून रोवलेल्या बांबूचं वरचं पोकळ टोक. अळूच्या देठांच्या बेचक्यांतसुद्धा पाणी होतं. प्रत्येक ठिकाणी तो पळी बुडवे आणि माझ्यापुढे धरी. शेवटी मी खाली बसले. सेक्रेटरी म्हणाले होते ते अक्षरशः खरं होतं. सासूबाईंचे पाय फोडणारे डास मीच पाळले होते, रोज सकाळी प्रेमाने पाणी घालून.

“वाईट नका वाटून घेऊ,” तो म्हणाला. “ज्याला ठिकाण घावलं, त्याचं निम्मं काम झालं.”

दोन दिवसांनी तो झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात मासे घेऊन आला. त्यांच्या गावाकडे उसाच्या शेतालगत विहीर होती, त्यातले. करंगळीच्या नखापेक्षा थोडे मोठे, राखाडी, दिसायला अगदी सामान्य. मी पावसाचं पाणी साठवायला सिमेंटचं छोटं टाकं केलं होतं, त्यात ते सोडले. ते खाली गेले, वर आले आणि वळवळणाऱ्या त्या किड्यांवर असे झडप घालू लागले की मी तासभर तिथून हलले नाही. सासूबाईंनाही खुर्ची आणून बसवलं. दुपार होती म्हणून बसता आलं.

“अगं, तो बघ, तो! गिळला!” त्या टाळी वाजवून म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला.

दहा दिवसांत फरक पडला. डास निम्म्याने कमी झाले, आणि मग मात्र कमी व्हायचे थांबले. माझ्या बागेत पाण्याचा थेंब उघडा नव्हता, तरी संध्याकाळी ते येतच होते. तेव्हा उमगलं की माझी भिंत मला दिसते, डासांना नाही.

मी जुना टाइपरायटर काढला. ऑफिसने भंगारात काढलेला मी घरी आणला होता. सोसायटीच्या चोवीस घरांसाठी एकेक पत्र टाइप केलं: ‘रविवार हा आपल्या सोसायटीत कोरडा दिवस पाळावा.’ खाली काय घासायचं, काय उलटं करून ठेवायचं, फ्रीजच्या मागचा ट्रे कसा ओढायचा, सगळं मुद्देसूद. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी कोरड्या दिवसाचा भलताच अर्थ घेतला आणि आपल्या खासगी बाबतीत सोसायटीने ढवळाढवळ करू नये असं लेखी उत्तर पाठवलं. बाकीच्यांकडे मी पळी घेऊन स्वतः गेले. शब्दांनी जे होत नव्हतं ते पळीने होई. आपल्याच मनीप्लांटच्या बाटलीतली वळवळ बघितल्यावर बायका मला चहा विचारायच्याही विसरत आणि घासणी शोधायला धावत.

तिसऱ्या मजल्यावर आयटीत काम करणारी तीन मुलं भाड्याने राहत होती. “आंटी, आम्ही घरी असतोच कुठे? आमच्याकडे डास उपाशी मरतील,” त्यातला एक म्हणाला. मी सरळ त्यांच्या बाथरूममध्ये गेले. गावाला जाताना भरून ठेवलेल्या दोन बादल्या तशाच होत्या. पळी पुढे केली. तिघंही वाकून बघत राहिले. “शिट्,” एकजण म्हणाला आणि लगेच, “सॉरी, आंटी.” त्यांनी कॉम्प्युटरवर दर रविवारी सकाळी वाजणारी आठवण लावली. पुढे त्या घराइतका कोरडा रविवार कुणीच पाळला नाही, मीसुद्धा.

गच्ची राहिली होती. तिची किल्ली सेक्रेटरींकडे. ते म्हणाले, “गच्चीवर काय असणार? ती माझ्या देखरेखीखाली आहे,” आणि माझ्याबरोबर वर आले. पाण्याच्या मोठ्या टाकीचं झाकण एका कडेने तुटलेलं होतं, बशी मावेल एवढी फट. मी पळी आत बुडवली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाकून पळीत बघितलं. मग ड्रेनेजच्या हवेच्या पाइपांकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि यांचं काय?” हिवताप विभागाच्या माणसाने मला तेही सांगितलं होतं: संध्याकाळी त्रास देणारे बरेच डास त्या पाइपांतून वर येतात, तोंडाला जाळी बांधली की अडकतात. मी घरून जुनी मच्छरदाणी आणली. ती मी कापत गेले आणि सेक्रेटरी सुतळीने एकेका पाइपाला तिचा तुकडा बांधत गेले. दुसऱ्या दिवशी टाकीवर नवं झाकण होतं.

दसऱ्याला सतरा दिवस उरले आणि खरा डोंगर पुढे आला. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे सात मजली इमारत उठत होती. हिंजवडीला कंपन्या आल्या तसे कोथरूडचे बंगले पडून अशा इमारती उभ्या राहत होत्या. नवीन स्लॅबवर सिमेंटचे बारीक बांध घालून पाणी तुंबवून ठेवत, काँक्रीट पिकावं, म्हणजे हळूहळू मजबूत व्हावं म्हणून. आणि खाली लिफ्टच्या खड्ड्यात कमरेइतकं पाणी साठलं होतं.

साइटवरचा इंजिनिअर पंचविशीतला, विदर्भातला. नम्रपणे म्हणाला, “मॅडम, स्लॅबला पाणी नाही दिलं तर बिल्डिंग पडेल. डासांसाठी बिल्डिंग पाडू का?”

मी वाद घातला नाही. त्याच्या परवानगीने लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरलं, तोंडाला मलमलचं फडकं घट्ट बांधलं आणि बरणी त्याच्या पत्र्याच्या ऑफिसात, त्याच्या टेबलावर ठेवली.

“एवढंच करा. ही हलवू नका आणि फडकं सोडू नका. मी शनिवारी येते.”

शनिवारी मला जावं लागलं नाही. शुक्रवारी सकाळीच तो आमच्या दारात उभा होता, हेल्मेट काखेत. “मॅडम, बरणीत डास झाले,” तो म्हणाला. चेहरा एखाद्या शाळकरी मुलासारखा झालेला. “फडक्याला आतून चिकटून बसलेत. मजूर येऊन येऊन बघतायत. त्यांच्यातल्या तिघांना ताप आहे. काय करू सांगा.”

मी सांगितलं. स्लॅबवरचं पाणी दर सहाव्या दिवशी पूर्ण सोडून द्यायचं, सकाळभर वाळू द्यायचं आणि नवीन भरायचं; जमेल तिथे तुंबवण्याऐवजी ओलं बारदान अंथरायचं. लिफ्टच्या खड्ड्यात मासे. माझ्या टाक्यातल्या माशांना एव्हाना पिल्लं झाली होती. पीठ चाळायच्या चाळणीने मी ती उचलली आणि डबा घेऊन साइटवर गेले. लिफ्टच्या खड्ड्याच्या कडेला वाकून मी डबा रिता केला तेव्हा सेंट्रिंगवाले, गवंडी, विटा वाहणाऱ्या बायका सगळे गोळा झाले होते. एक बाई हात जोडून म्हणाली, “आजपासून हेच आमचे डॉक्टर.” आणि सगळे हसले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी लवकर उठून मी तयारीला लागले. अंगण झाडलं, सतरंज्या घातल्या, आपट्याच्या पानांची जुडी ताटात ठेवली. साडेपाच वाजता मी मुद्दाम दार उघडून बागेत उभी राहिले, दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एक डास कानाशी गुणगुणून गेला. आणखी आलाच नाही.

सहाला माणसं यायला लागली. बायका सवयीने पदर पायांवर ओढून बसल्या. आयटीतली मुलं नव्या झब्ब्यांत आली. हिवताप विभागाचा माणूस बायकोला घेऊन मांजरीहून आला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. पहिल्यांदा मी त्याला ओळखलंच नाही. आणि बरोबर साडेसहाला सेक्रेटरी आले. अर्ध्या चड्डीत. सगळी सोसायटी त्यांच्या पांढऱ्याफटक पिंढऱ्यांकडे बघत राहिली.

“परीक्षा घ्यायची तर नीट घ्यावी,” ते म्हणाले आणि अळूच्या शेजारची, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले.

सासूबाईंना मी मोगऱ्यापाशी बसवलं. नऊवारी नेसलेल्या, अंगावर साधी शालही नाही. त्या हळूहळू सगळ्यांना सोनं देत होत्या. दिवे लागले. गप्पा चढल्या. कुणीतरी चिवड्याचं ताट फिरवलं. सात वाजले. माझं लक्ष एकाच ठिकाणी होतं. सेक्रेटरींनी एकदा हात उचलला. मला वाटलं, झालं, डास बसला त्यांच्या पायावर. पण त्यांनी चिवडा घेतला.

सव्वासातला ते उठले आणि घसा साफ केला.

“मला एक डास चावला,” ते म्हणाले. मी डोळे मिटले. “एक. पाऊण तासात. माझ्या घरात, दारं लावून, याहून जास्त चावतात.” मग त्यांनी खिशातून कागद काढला. कमिटीचा ठराव होता, सकाळीच लिहून आणलेला, म्हणजे निकाल काहीही लागला असता तरी त्यांनी आधीच ठरवलं होतं. धुराचं कंत्राट रद्द. कोरडा रविवार सर्वांना बंधनकारक. त्याची देखरेख तळमजल्यावरच्या वहिनींकडे. “आणि आईंच्या बाबतीत जे झालं,” ते कागदाकडे न बघता म्हणाले, “त्याबद्दल सोसायटी दिलगीर आहे. मी दिलगीर आहे.”

त्यांनी सासूबाईंच्या पायाला हात लावला आणि आपट्याचं पान त्यांच्या हातावर ठेवलं. सगळ्यात आधी टाळ्या कुणी वाजवल्या असतील तर आयटीतल्या मुलांनी, शिट्ट्यांसकट. आमचे हे, ज्यांनी उभ्या आयुष्यात माझं तोंडावर कौतुक केलं नव्हतं, माझ्याजवळ येऊन म्हणाले, “आज चहा आपण प्यायचा. गवती.” मी हसत हसत स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं आणि तिथे मात्र ओट्याला धरून दोन मिनिटं उभी राहिले. साहेबांच्या सहीसाठी हजारो पत्रं टाइप केली होती मी. हे पहिलं काम, ज्याच्याखाली सही माझी होती.

सासूबाई त्यानंतर चार वर्षं होत्या, आणि रोज संध्याकाळी बागेत बसल्या. दमा गेला नाही. पण दवाखान्यात पुन्हा राहावं लागलं नाही. त्या बसल्या बसल्या येणाऱ्याजाणाऱ्याला मासे दाखवत, जणू त्यांनीच विहिरीतून काढून आणलेत.

पुढच्या उन्हाळ्यात विदर्भातल्या त्या इंजिनिअरचा फोन आला. त्याची बदली बाणेरच्या साइटवर झाली होती, तीन इमारती, तीन लिफ्टचे खड्डे. “काकू, इथे कुणी ऐकत नाहीये. बरणी घेऊन याल का?” मी पुस्तकात खूण घालून उठले, लोणचं दुसऱ्या भांड्यात काढलं आणि बरणी घासायला घेतली. दुपारच्या बसने मी बाणेरला निघाले. मांडीवर बरणी, पायाशी माशांचा डबा आणि पर्समध्ये वरणाची पळी. कंडक्टरने डब्यात डोकावून विचारलं, “मासेवाल्या का, मावशी?”

“हो,” मी म्हणाले.